प्रल्हादशेठची मिरची

त्या आवारात आता मक्याची पोती रचलेली असतात. चक्की बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पत्रे बदलले, भिंतींना दोनदा चुना लागला. तरी गेल्या महिन्यात फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मला शिंक आली. माझ्या मागोमाग मायलाही आली. आम्ही दोघी तिथंच थांबलो. माय पदरानं नाक पुसत म्हणाली, "हाय अजून."

आमच्या जुन्या गावी, धाडला, यायचं तिनंच काढलं होतं. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे बुलढाण्यात असते, कुठं जायचं म्हटलं की गुडघे दुखतात म्हणते. आणि परवा अचानक म्हणाली, "प्रल्हादशेठ आजारी हाय म्हणते. मले एकदा भेटाचं हाय त्याले." कशाला, ते सांगेना. जीपमध्येही सगळा वेळ गप्प. मला तिचा संशय आला. आमच्या घरात प्रल्हादशेठचं नाव निघालं की कोणाचा ना कोणाचा संशय यायचाच, त्याला माझा इलाज नाही.

दिवाळी झाली की या आवारात मिरची यायला लागायची. बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरनं, कधी एसटीच्या टपावरून. सगळं आवार लाल होऊन जायचं. उन्हात वाळत घातलेल्या मिरचीचा एक आवाज असतो, तो फार थोड्या लोकांना माहीत असेल. दुपारी वारा सुटला की ती खुळखुळते, आत बिया हलतात. त्या लाल ढिगांभोवती पंधरावीस बाया गोल बसायच्या, नाकातोंडावर पदर, आणि देठ मोडत राहायच्या. माय त्यांच्यात मुख्य होती. सगळ्या तिला कमलबाई म्हणायच्या, आणि प्रल्हादशेठही तिला कमलबाईच म्हणायचा. एसटी चक्कीच्या बाजूनं जायला लागली की कंडक्टर ओरडायचा, "खिडक्या लावा, धाड आलं!" तरी आतले लोक शिंकत शिंकतच उतरायचे.

मायच्या हातांची आग व्हायची. संध्याकाळी ती हातांना तेल चोळायची, ताकात बुडवून बसायची, जवारीच्या पिठात घोळवायची. तरी ते हात तिला आमच्या तोंडाला लावता यायचे नाहीत. माझ्या डोळ्यात कचरा गेला तर ती लांबूनच म्हणायची, "पाण्याचा हबका मार." माझी वेणी बाबा घालायचे. ते शिंपी होते, मशीनवर बसल्या बसल्या मला पुढ्यात ओढायचे आणि कापडाची शिवण धरावी तशी घट्ट वेणी घालायचे. शाळेत मुली विचारायच्या, तुझी वेणी एवढी सरळ कशी?

प्रल्हादशेठला तेव्हा सगळं गाव मान द्यायचं, पण त्याच्यावर पूर्ण भरवसा कोणीच ठेवायचं नाही. कारण मिरचीच्या पाकिटावर त्यानं स्वतःचाच फोटो छापला होता. इतरांच्या पाकिटांवर देवी असायची, मोर असायचा, हसणारी बाई असायची. याच्या पाकिटावर हाच, फेटा बांधून, मिशा वर करून, एका हातात मिरची तलवारीसारखी धरून. फोटो काढायला तो खास बुलढाण्याला जायचा आणि दर वर्षी नवा काढायचा. बाबा म्हणायचे, "ह्या माणसाले तिखट इकाचं नाही. ह्याले दिसाचं हाय." आमच्या घरच्या डब्यात त्याचंच तिखट असायचं. मायला ते संध्याकाळी मिळायचं, चक्कीची खोली झाडून निघताना.

मी नववीत होते तेव्हा एक पांढरी जीप आली. साहेब लोकांनी पाकिटं फोडली, पुड्या बांधल्या, लाखेची मोहर लावली आणि नेली. मिरचीत रंग आहे म्हणे. कोणी म्हणालं, रंग नाही, विटकरीचा भुगा आहे. कोणी म्हणालं, लाकडाचा भुसा. तपासणीचं पुढं काय झालं ते गावात कोणालाच नक्की सांगता आलं नाही, पण गावानं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. दुकानदारांनी पाकिटं परत आणून फाटकापाशी टाकली. कितीतरी दिवस त्या फाटकात प्रल्हादशेठचे शंभर चेहरे पडलेले होते, फेट्यासकट, धुळीत.

मग चक्की बंद पडली आणि बाया दुसरीकडे कामाला गेल्या. माय कापूस वेचायला जाऊ लागली. महिनाभरात तिच्या हातांची आग गेली. एका सकाळी तिनं मला जवळ घेतलं आणि माझी वेणी घातली. मला आठवतं, तिची बोटं थंड होती आणि त्यांना कसलाच वास नव्हता. वेणी सैल झाली होती. मी शाळेत जाईपर्यंत ती सुटली, पण मी दिवसभर तशीच राहिले, कोणाला बांधू दिली नाही.

त्यानंतर दोनेक वर्षं प्रल्हादशेठ गावात नव्हता. मलकापूरला सासुरवाडीत आहे, असं काही म्हणायचे. काही म्हणायचे, तोंड लपवून सुरतेत बसलाय. मी अकरावीत असताना तो बाजाराच्या दिवशी परत आला, आणि आला तो मेटाडोर घेऊन. चक्की विकली आणि मेटाडोर आणली, एवढं गावाला कळलं. तिची एक बाजू बिजागऱ्यांवर खाली उघडायची आणि तिचंच स्टेज व्हायचं. त्यावर लाल जाजम, एक माइक, मागे निळा पडदा. दुपार कलली, बाजार विरळ व्हायला लागला, तेव्हा तो चमकी लावलेला कोट घालून त्या फळीवर चढला आणि म्हणाला, "रामराम मंडळी. काही इकत नाही, काही मागत नाही. फक्त उभं राहा."

यानंच सगळ्यांचा संशय बळावला. विकायला आला असता तर लोकांना कळलं असतं. मागायला आला असता तरी कळलं असतं. हा फुकट नकला करतो, फुकट गातो, डिझेल स्वतःचं, माइक स्वतःचा, याला पाहिजे काय? लोक उभे राहिले, पण लांब. पिशव्या पायात दाबून, एक हात खिशावर ठेवून. त्यानं गुरांच्या दलालाची नक्कल केली. रुमालाखाली बोटं धरून सौदा करणारा दलाल, तोंडानं बैलाचं कौतुक आणि बोटांनी त्याची बदनामी. हुबेहूब. माणसं आतून हसत होती हे मला दिसत होतं, पोटं हलत होती, पण टाळी कोणी वाजवली नाही. टाळी वाजवली म्हणजे कुठल्यातरी कागदावर सही केल्यासारखं झालं असतं.

"निवडणूक लढते बे हा."

"नाही बे. नवं तिखट काढून राह्यला असंन. आधी हसवते, मंग फसवते."

असं सगळं चालू असताना तो एक दिवस आमच्या दुकानात आला. कोटाची बाही उसवली होती. मी तेव्हा बाबांना पेपर वाचून दाखवत होते, त्यांना मशीन चालवता चालवता ऐकायची सवय होती. प्रल्हादशेठ दारात उभा राहून ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे पोरगी माह्या कार्यक्रमात बोलंन का? आता हे होईन, मंग ते होईन, एवढंच सांगाचं."

बाबांनी मशीन थांबवलं. "काऊन? माहीच पोरगी काऊन?"

"आवाज सपाष्ट हाय तिचा."

"गावात लय पोरी हायेत सपाष्ट आवाजाच्या."

आतल्या खोलीच्या दारात माय उभी होती. ती नाहीच म्हणणार, हे मला आणि बाबांना दोघांनाही माहीत होतं, कारण त्याची मेटाडोर बाजारात दिसली की ती वाट बदलायची. पण ती म्हणाली, "जाऊ द्या तिले."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मीही.

तो एक हिवाळा मी प्रल्हादशेठच्या मेटाडोरवर काढला. बाबा प्रत्येक खेपेला सोबत असायचे. स्टेजच्या बाजूला स्टुलावर बसायचे, आणि शर्टाच्या खिशात कापड कापायची कात्री ठेवायचे. कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "असू दे." धाड, पिंपळगाव राजा, मलकापूर, आणि मधली कितीतरी गावं. सगळ्या बाजारांचा वास अजून माझ्या नाकात आहे. भिजलेल्या तागाचा, जिलेबीच्या तेलाचा, संध्याकाळी विझवलेल्या चुलींचा. मेटाडोरच्या आतला वास मात्र वेगळा होता. पावडर, डिझेल, आणि त्याखाली कुठंतरी तीच जुनी मिरची. जाजम झटकलं की आम्ही तिघंही शिंकायचो. मला वाटायचं, या गाडीत नक्की काहीतरी लपवलेलं आहे. एकदा तो चहाला गेला असताना मी फळीखाली हात घालून पाहिलं. एक बाजाची पेटी, दोन नकली मिशा आणि पाकिटावरच्या फोटोतला तो फेटा, एवढंच सापडलं.

तो गायचा वाईट. वरचा सूर लागत नसे, आणि ते त्याला सोडून सगळ्यांना कळायचं. मलकापुरात स्टेशनच्या अलीकडे कार्यक्रम होता. तो गाणं म्हणायला लागला की नेमकी गाडी यायची. दोनदा थांबला, तिसऱ्यांदा त्यानं गाणं सोडलं आणि गाडीचीच नक्कल सुरू केली. इंजिन, फाटक, चहावाला, डब्यात जागेसाठी भांडणाऱ्या दोन बाया. लोक लोटपोट झाले. परत येताना तो पुढच्या सीटवर लहान मुलासारखा खूश होता. "निवेदिका," तो मला म्हणाला, त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही, "आज मले कोणी ओळखलं नाही, म्हणून हसले. धाडले हसले तर खरं."

होळीच्या आधीच्या बाजारात धाडला कार्यक्रम होता. गर्दी बरी होती. भाजीची पिशवी घेऊन मायही लांब उभी होती. ती कधी नव्हे ती आली होती. मी पुढच्या नकलेचं नाव सांगितलं आणि मागे सरकले. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "शेठ, दलाल पुरे झाला! मिरचीत काय टाकलं होतं, ते सांगा की!"

एका टपरीतली कढई तेवढी तडतडत होती. बाबा स्टुलावरून उठले. प्रल्हादशेठनं माइक खाली ठेवला. मला वाटलं, आता हा उतरतो आणि निघून जातो. त्यानं वाकून फळीखालून तो फेटा काढला, डोक्यावर ठेवला, मिशा वर केल्या, आणि माइक उचलला. "आण बे ते घमेलं," तो खर्जातल्या आवाजात म्हणाला. "इटकरीचं. हळू, बाया पाह्यतीन. आता एक मुठ रंग. अजून एक टाक, लोकायले लाल दिसलं की तिखट लागते." मग तो स्वतःच गिऱ्हाईक झाला, बोटावर पूड घेऊन चाटली, खोकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "वा शेठ! घर बांधाले पण चालते!"

आणि धाडनं टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या मी त्या बाजारात कधी ऐकल्या नव्हत्या. म्हातारी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात मारत होती. तो फेटा काढून वाकला, पुन्हा वाकला. मी मायला शोधलं. ती निघून गेली होती.

घरी आलो तर ती चुलीपुढं बसलेली, चूल पेटवलेली नाही. आम्हाला बघताच म्हणाली, "खोटं बोलला तो."

"कशाचं खोटं?" बाबा म्हणाले. "भरबाजारात कबूल केलं त्यानं."

"कबूल कायचं? मी रोज चक्कीची खोली झाडत होती. कोपरा न् कोपरा. रंगाचा कण नव्हता तिथं. तेच तिखट आपण खाल्लं."

मग माय हळूच म्हणाली, "त्या दिवशी साहेबानं मलेच इचारलं होतं. बाई, ह्यात काही टाकते का हा? तो काही टाकत नाही, मले माहीत होतं. अन् मी म्हतलं, मले काही माहीत नाही. शेठ समोर उभा होता. त्यानं फक्त माह्याकडं पाह्यलं."

"काऊन म्हतलं असं?"

"निघून गेलं तोंडातून."

तिनं मला त्याच्याकडे का जाऊ दिलं, ते मला त्या संध्याकाळी कळलं. तरी पूर्ण पटलं नाही. चक्कीच्या खोलीत खरंच काही नव्हतं, की माय आता स्वतःलाच शिक्षा करायला त्याला साफ ठरवतेय? मी तिच्याकडे संशयानं पाहिलं आणि तिला ते दिसलं.

त्यानंतर मी मेटाडोरवर गेले नाही. परीक्षा झाली, पुढं शिक्षण झालं, लग्न, बुलढाण्यातली शाळेची नोकरी. प्रल्हादशेठ चालूच राहिला. आता प्रत्येक गावात लोक तीच नक्कल मागायचे. "मिरची, मिरची!" असा ओरडा व्हायचा आणि तो फेटा चढवायचा. पुढं मेटाडोर बंद पडली, मग तो मोबाइलवर व्हिडिओ टाकायला लागला, स्वतःच बोलायचा, स्वतःच शूटिंग करायचा. खाली लोक लिहायचे, 'मिरचीचोर', आणि शेजारी हसणारी तोंडं. मी ते व्हिडिओ चोरून बघायची. मला वाटायचं, एकटी मीच बघते. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या आसपास एकदा स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला, तर माय माझ्या मुलाचा मोबाइल हातात धरून बसली होती.

तर गेल्या महिन्यात आम्ही त्या आवारात शिंकलो. चक्की विकताना स्वतःकडे ठेवलेल्या जुन्या वजनकाट्याच्या खोलीत प्रल्हादशेठ खाटेवर बसला होता. पाय सुजलेले, अंगात मळकी बनियन, आणि तिच्यावर तो चमकीचा कोट. समोर मोबाइल स्टँडला लावलेला. मला बघून म्हणाला, "या या, निवेदिका आल्या!" मग त्याला माय दिसली. तो नीट बसला, कोटाची बटणं लावायला लागला.

"कमलबाई."

"शेठ, तो मोबाइल बंद हाय का?" मायनं विचारलं.

त्यानं तो काढून गादीवर पालथा ठेवला. माय खाली बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, जशी ती देठ मोडायला बसायची. आणि एका दमात तिनं सगळं सांगितलं. साहेबानं काय विचारलं, तिला काय माहीत होतं, ती काय म्हणाली. "माह्या तोंडानं तुमचं नाव गेलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मले घास गोड लागला नाही."

बाहेर मक्याची पोती उतरवत होते, त्यांचा धप्प आवाज येत होता. मग त्यानं विचारलं, "कमलबाई, तुमी झाडून किती वाजता जायच्या?"

"पाच वाजता."

"अन् मी फाटक लावाचो सात वाजता. मधात दोन तास चक्की बंद होती काय?"

माय त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

"टाकत होतो, बाई. तुमी गेल्यावर टाकत होतो. माह्या हातानं. रंगाचा डबा घरी घेऊन जायचो, तुमाले कसा दिसंन? तुमी साहेबाले खरंच सांगतलं. तुमाले माहीतच नव्हतं."

"आईची आन?"

"आईची आन."

मी त्याचे सगळे आवाज ओळखत होते. दलालाचा, गिऱ्हाईकाचा, फेट्यातल्या शेठचा, चहावाल्याचा. हा त्यातला एकही नव्हता. तो त्याचा स्वतःचा होता की नव्यानं बसवलेला, हे मला कळलं नाही, आणि मी डोळे न मिटता बघत होते. माय उठली. उठताना तिनं गुडघ्याला हात लावला नाही. "म्हणजे तिखट खोटंच होतं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग होता, चक्क ताजा राग. "आमी लेकरायले खाऊ घातलं ते!"

"चुकलो बाई," प्रल्हादशेठनं हात जोडले.

ती फाटकाकडे चालायला लागली. मी मागे थांबले. "शेठ, मला खरं सांगा."

"मायचं तोंड पाह्यलं का?"

"पाहिलं."

"मंग झालं की."

यावर मला रडू यायला हवं होतं. पण मी त्याच्यासोबत एक हिवाळा काढलेला आहे. असं शेवटचं वाक्य टाकून गप्प बसायचं आणि समोरच्याला टाळी वाजवायला जागा ठेवायची, हे त्याला छान जमायचं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यानं मोबाइल उचलून स्टँडला लावला आणि माझ्याकडे पाठ केली.

परतीच्या जीपमध्ये गर्दी होती. माय दोन बायांच्या मध्ये बसली होती. एकीनं विचारलं, "कोणाकडे गेल्ता, मावशी?" आणि माय सुरू झाली. मिरचीवाल्या प्रल्हादशेठकडे. मी होती ना तिथं कामाले. त्यानं माह्यासमोर कबूल केलं आज, आईची आन घेऊन. सात वाजेपर्यंत रंग टाकत होता मुर्दाड, अन् आमाले पत्ता नाही. पुढून ड्रायव्हरही वळून ऐकायला लागला. कोणीतरी म्हणालं, "मी म्हणतच होतो." माय त्याची नक्कल करून दाखवत होती, हात कसे जोडले, मान कशी खाली घातली, आणि सगळी जीप हसत होती. बुलढाण्यापर्यंत किती गावं उतरली आणि किती चढली, तेवढ्या सगळ्यांना ती सांगत गेली.

तिला मध्येच थांबवायला दोनदा माझं तोंड उघडलं. काय म्हणणार होते मी? तो कदाचित खोटं बोलला, तुझ्यासाठी? आणि मग पुन्हा ते गुडघे, ती न पेटवलेली चूल, तो न लागणारा घास?

ती हसता हसता माझ्या खांद्यावर कलली. इतकी जड, इतकी सैल ती माझ्या अंगावर कधी पडली नव्हती. तिचं डोकं नीट राहावं म्हणून मी जरा सरकून बसले आणि तिला बोलू दिलं.